ब्रिटनमधल्या नातेवाइकांकडे दीड-दोन महिने : व्हिसा, मुक्काम आणि इतिहासाची ठिकाणं

नणंद लेस्टरला, चुलत दीर लंडनला, माझा मामेभाऊ एडिंबराला. अशी माणसं असली की 'या ना एकदा सगळे' हे बोलणं वर्षानुवर्षं होत राहतं. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि शाळकरी मुलगा असे आम्ही शेवटी निघालो. तयारीला लागल्यावर लक्षात आलं की सहल कंपनीबरोबर जाणाऱ्यांसाठी माहिती भरपूर आहे, पण नातेवाइकांकडे उतरून सावकाश देश पाहणाऱ्या कुटुंबासाठी एका जागी फारसं काही सापडत नाही. म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं नियोजन तिच्याभोवती आहे. ठिकाणांची यादी करून नातेवाइकांना तिच्यात बसवू नका. नातेवाइकांची घरं ठरवा आणि प्रत्येक घराच्या आसपासचा इतिहास पाहा. त्यामुळे म्हाताऱ्या माणसांची दगदग वाचते, खर्च कमी होतो आणि ज्यांना भेटायला गेलो त्यांच्याशी बोलायला वेळही उरतो.

१. महिना ठरवा

आपल्याकडे मुलांना सुट्टी साधारण एप्रिलच्या उत्तरार्धापासून जूनच्या मध्यापर्यंत असते. इंग्लंडमधल्या बहुतेक शाळांची मोठी सुट्टी जुलैच्या शेवटी सुरू होऊन सप्टेंबरच्या सुरुवातीला संपते. म्हणजे मे आणि जूनचा पहिला पंधरवडा आपल्या फायद्याचा. हवा बरी असते, गर्दी कमी असते आणि रात्री नऊ-साडेनऊपर्यंत उजेड असतो. जूनमध्ये एडिंबराला दहाच्या सुमारास सूर्य मावळतो. डिसेंबरात तोच पावणेचारच्या आत मावळतो, त्यामुळे हिवाळ्यात दिवसाला एखादंच ठिकाण धड पाहून होतं.

मे महिन्याचा पहिला आणि शेवटचा सोमवार तिथे सार्वजनिक सुट्टीचा. शेवटच्या सोमवारच्या आठवड्यात बहुतेक शाळांनाही सुट्टी असते, म्हणून त्या आठवड्यात किल्ले-राजवाडे टाळा आणि घरी राहा. नातेवाइकांनाही रजा असते, भेटीगाठींना तोच आठवडा उत्तम. ऑगस्टमध्ये एडिंबराला मोठे कलामहोत्सव भरतात. त्या महिन्यात गावात खोली मिळणं महाग आणि अवघड.

२. व्हिसाचा अर्ज

नातेवाइकांना भेटायला आणि फिरायला स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो. त्यावर एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने राहता येतं. दोन, पाच किंवा दहा वर्षांचा व्हिसाही मिळतो, पण प्रत्येक मुक्कामाला सहा महिन्यांची मर्यादा कायम राहते. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपर्यंत अर्ज करता येतो. निर्णयाला साधारण तीन आठवडे धरतात, पण उन्हाळ्याच्या तोंडावर जास्त दिवस हाताशी ठेवा. शुल्क अधूनमधून वाढतं, म्हणून आकडा ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरच पाहा. ओळखीतल्या कुणी गेल्या वर्षी भरलेला आकडा धरून चालू नका.

कुटुंबाचा एकच अर्ज चालत नाही. लहान मुलासकट प्रत्येकाचा स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र शुल्क. अर्ज ऑनलाइन भरायचा, कागद स्कॅन करून चढवायचे आणि मग व्हीएफएस या अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला जायचं. पाच वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, फक्त फोटो काढतात. सहा महिन्यांपर्यंतच्या भेटीला क्षयरोगाची तपासणी लागत नाही. एखादा एजंट ती करून घ्यायला सांगत असेल तर पैसे वाचवा.

लागणारे कागद:

– पासपोर्ट, जुना असेल तर तोही
– सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट
– नोकरदारांना पगारपत्रकं आणि कार्यालयाचं रजेचं पत्र. व्यवसाय असेल तर नोंदणीचे कागद
– दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं
– निवृत्तांना पेन्शनचा कागद
– यजमानाचं आमंत्रणपत्र, त्यांच्या पासपोर्टची किंवा वास्तव्य परवान्याची प्रत, घराचा पुरावा (काउन्सिल टॅक्सचं, म्हणजे तिथल्या घरपट्टीचं, बिल चालतं). खर्च ते करणार असतील तर त्यांची पगारपत्रकं आणि बँक स्टेटमेंट
– नातं दाखवणारा कागद : जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र
– मुलाच्या शाळेचं पत्र
– सगळ्यांचा मिळून एक साधा कार्यक्रम : कोणत्या तारखांना कुणाच्या घरी

विमानाची तिकिटं व्हिसाआधी काढायची गरज नाही. अंदाजे तारखा पुरतात.

३. आपल्या कागदांतले खास मराठी अडथळे

इथे जरा थांबून वाचा, कारण आपल्या घरांतली खरी गुंतागुंत इथे आहे.

पहिला अडथळा नावांचा. पासपोर्टवर नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव. बँकेत आडनाव आधी. सातबाऱ्यावर 'बाई', 'राव', 'पंत' जोडलेलं. सासूबाईंच्या पिढीत तर लग्नात नावच बदललेलं असतं, त्यामुळे शाळेचा दाखला एका नावाचा आणि बाकी सगळं दुसऱ्या. हे सगळे कागद एकाच व्यक्तीचे आहेत हे तिकडच्या अधिकाऱ्याने ओळखावं अशी अपेक्षा ठेवू नका. विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद जोडा. दोन्ही नसतील तर प्रतिज्ञापत्र करून घ्या. अर्जात 'पूर्वी इतर कोणत्या नावाने ओळखले जात होता का' असं विचारतात, तिथे माहेरचं पूर्ण नाव लिहा.

दुसरा अडथळा भाषेचा. सातबारा, घरपट्टीची पावती, ग्रामपंचायतीचा दाखला हे कागद मराठीत असतात. इंग्रजी भाषांतराशिवाय त्यांचा उपयोग नाही. भाषांतराखाली ते मूळ मजकुराशी जुळत असल्याचं विधान, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा. घरातल्या कुणी भाषांतर करून खाली सही ठोकू नये.

तिसरा अडथळा पैशांचा. अर्जाच्या आधी मुलाने आई-वडिलांच्या खात्यात पाच लाख टाकायचे, हा आपल्याकडचा लाडका उपाय. स्टेटमेंटमध्ये ती रक्कम लगेच उठून दिसते आणि 'पैसे खरंच यांचे आहेत का' हा प्रश्न उभा राहतो. ठेव मोडली असेल किंवा जमीन विकली असेल तर तो कागद जोडा आणि अर्जासोबतच्या पत्रात एका ओळीत कारण लिहा. खर्च मुलगी-जावई करणार असतील तर तसंच सांगा. त्यात कमीपणा काही नाही आणि नियमाला ते चालतं.

चौथा अडथळा नातवंडांचा. 'सुनेची नोकरी सुरू होतेय, म्हणून बाळाला सांभाळायला येतोय' असं आपण सहज बोलून जातो. नातवंडांबरोबर राहणं आणि वेळप्रसंगी त्यांच्याकडे पाहणं यात गैर नाही. पण पाळणाघराला किंवा दाईला पर्याय म्हणून आपण जात आहोत असं चित्र उभं राहिलं तर ते काम समजलं जातं आणि व्हिजिटर व्हिसावर काम करता येत नाही. सहा महिने राहून यायचं आणि पुन्हा लगेच सहा महिने जायचं, असं वारंवार केलं तर भेटीच्या नावाखाली तिथेच राहत असल्याची शंका घेतली जाते. खरा हेतू लिहा आणि दोन भेटींत नीट अंतर ठेवा.

लॅपटॉप घेऊन जाणाऱ्यांसाठी : ३१ जानेवारी २०२४पासून व्हिजिटरला इकडच्या नोकरीचं काम दुरून करायला मुभा आहे, मात्र भेटीचा मुख्य हेतू ते काम असता कामा नये. मुलांना तिकडच्या सरकारी शाळेत बसवता येत नाही.

४. 'जाता जाता पॅरिस' : याचा विचार आत्ताच करा

ब्रिटनच्या व्हिसावर फ्रान्स, नेदरलँड्समध्ये जाता येत नाही. त्यासाठी शेंगेन व्हिसा (युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक) वेगळा आणि तो भारतातूनच काढून निघा. तिथे गेल्यावर अर्ज करू म्हटलं तर अनेक वकिलाती फक्त तिथल्या रहिवाशांचेच अर्ज घेतात. आयर्लंडचं थोडं सोपं आहे. भारतीयांना ब्रिटनच्या व्हिसावर ब्रिटन-आयर्लंडच्या संयुक्त व्हिसा योजनेची नोंद मिळालेली असेल तर ब्रिटनमध्ये आधी प्रवेश करून त्याच व्हिसावर डब्लिन पाहता येतं.

माझं मत विचाराल तर ज्येष्ठ बरोबर असताना पॅरिस दुसऱ्या खेपेला ठेवा.

५. विमा आणि औषधं

इथे काटकसर नको. व्हिजिटरला तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये, तातडीच्या विभागातले उपचार मिळतात आणि त्यांचे पैसे घेत नाहीत. पण रुग्णालयात दाखल केलं की खर्च सुरू होतो आणि परदेशी पाहुण्यांना तो साधारण दीडपट दराने लावतात. न भरलेलं मोठं बिल पुढच्या व्हिसाच्या वेळी आडवं येतं. विम्याच्या कागदात दोन गोष्टी शोधा : आधीपासूनचे आजार (बीपी, मधुमेह, हृदयविकार) कितपत धरले आहेत आणि साठीच्या पुढच्यांना खोलीभाडं, शस्त्रक्रिया यांवर वेगळ्या मर्यादा आहेत का. पॉलिसी स्वस्त असते ती बहुधा याच दोन ओळींमुळे.

औषधं पूर्ण मुक्कामाला पुरतील इतकी आणि वर दोन आठवड्यांची जास्त घ्या. ती मूळ पाकिटातच ठेवा. डॉक्टरांकडून इंग्रजी चिठ्ठी घ्या आणि तिच्यावर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण आपले ब्रँड तिकडच्या औषधवाल्याला कळत नाहीत. सगळी औषधं हातातल्या पिशवीत. तातडीची नसलेली तक्रार असेल तर १११, जीवावर बेतलं तर ९९९.

६. घर बंद करताना

– भारतातलं सिम चालू ठेवा आणि निघण्याआधी रोमिंग सुरू करा. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. सिम बंद पडलं तर स्वतःच्याच खात्यातले पैसे हलवता येत नाहीत. इंटरनेटसाठी तिकडचं सिम घ्या.
– मुक्काम नोव्हेंबरात येत असेल तर पेन्शनरांचा हयातीचा दाखला. चेहरा ओळखून जीवन प्रमाण काढण्याची सोय मोबाइलवर आहे. ती निघण्याआधी एकदा करून पाहा.
– दागिने कमी न्या. जे न्याल त्याची मुंबई विमानतळावर कस्टम्सकडे नोंद करून प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परत येताना ते तिकडून आणले नाहीत हे दाखवता येतं.
– गॅसचा रेग्युलेटर, पाण्याचा मुख्य कॉक, सोसायटीत किल्ली कुणाकडे.

खाऊचं वेगळं सांगते, कारण इथे मन मोडतं. भारतातून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, घरचं तूप, खव्याच्या पोळ्या बाद. चिवडा, चकली, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कोकम, पापड खुशाल न्या. नीट बंद करा, वर नाव लिहा. खरं सांगायचं तर नणंदेला पेढ्यांपेक्षा थालीपिठाच्या भाजणीचा आनंद जास्त झाला. मिठाई लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर हवी तेवढी मिळते.

७. विमान आणि इमिग्रेशन

मुंबईहून लंडनला थेट विमानं आहेत. सत्तरीच्या माणसांना दोन-चार हजार वाचवण्यासाठी मधे बदल करायला लावू नका. चालता येत असलं तरी व्हीलचेअर मागवा, हीथ्रोवर चालणं फार आहे. ती तिकीट काढतानाच नोंदवायची आणि तिचे पैसे पडत नाहीत.

भारतीय पासपोर्टला तिथे अधिकाऱ्यासमोर जावं लागतं. कुणाकडे, किती दिवस, काय पाहणार, परत कधी, असं विचारतात. आई-वडील वेगळ्या विमानाने येत असतील तर त्यांच्याजवळ छापील कागद द्या : यजमानाचं नाव, पत्ता, फोन, परतीचं तिकीट. इंग्रजी येत नसेल तर घाबरायचं कारण नाही, शांतपणे कागद पुढे करावा.

८. पहिलं घर : लेस्टर आणि मध्य इंग्लंड

आधी मोठ्या शहरात न थांबता मधल्या गावात उतरल्याचा फायदा झाला. ज्येष्ठांना थंडी आणि वेळेतला फरक अंगवळणी पडायला आठवडा जातो.

लेस्टरमध्ये तिसरा रिचर्ड या इंग्लंडच्या राजाचा इतिहास आहे. १४८५मध्ये बॉसवर्थच्या लढाईत तो मारला गेला आणि त्याची कबर कालांतराने हरवली. २०१२मध्ये एका कार पार्कखाली सांगाडा सापडला, त्याच्या बहिणीच्या वंशजांशी डीएनए जुळला आणि मार्च २०१५मध्ये त्याला लेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये पुन्हा पुरलं. सापडलेल्या जागेवरच संग्रहालय आहे आणि खड्डा काचेतून दिसतो. शाळकरी मुलांना इतिहास कसा शोधतात हे दाखवायला याहून चांगली जागा नाही. बॉसवर्थचं रणांगणही जवळच. शेक्सपिअरचं स्ट्रॅटफर्ड, वॉरिकचा किल्ला हे इथून एका दिवसात होतात.

९. दुसरं घर : लंडन, आणि तिथला आपला इतिहास

ब्रिटिश म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, नॅशनल गॅलरी यांना प्रवेश फुकट आहे. म्हणून एकाच दिवशी सगळं उरकायची गरज नाही. रोज दोन तास जा आणि परत या. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये टिपू सुलतानचा लाकडी यांत्रिक वाघ आहे. वाघनखं पाहायला मात्र तिथे जाऊ नका. ती जुलै २०२४मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आणि आधी साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली गेली. ती साताऱ्यातला इंग्रज अधिकारी ग्रँट डफ याच्या घराण्याकडून आलेली आहेत, आणि शिवाजी महाराजांनी वापरली ती हीच, असं संग्रहालयही खात्रीने सांगत नाही. मुलांना हेही सांगावं.

टॉवर ऑफ लंडनचं तिकीट ऑनलाइन काढा, दार उघडताच आत शिरा आणि थेट राजरत्नांकडे जा. कोहिनूर १९३७च्या राज्याभिषेकासाठी केलेल्या राणीच्या मुकुटात आहे. अकरानंतर तिथली रांग ज्येष्ठांना झेपत नाही. विंडसरचा किल्ला मंगळवारी आणि बुधवारी बंद असतो.

आता ज्यासाठी मी प्रत्येक मराठी कुटुंबाला आग्रह करते ती ठिकाणं. प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड या घरात डॉ. आंबेडकर १९२१-२२मध्ये राहिले. महाराष्ट्र शासनाने ते २०१५मध्ये विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. उघडण्याच्या वेळा आधी विचारून जा. मेडा व्हेलमध्ये १०, हाउली प्लेस या घरावर लोकमान्य टिळकांची निळी पाटी आहे. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या खटल्यासाठी ते १९१८-१९मध्ये तिथे होते. हायगेटला ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू हे इंडिया हाउस, म्हणजे तेव्हाचं भारतीय विद्यार्थ्यांचं वसतिगृह, त्यावर सावरकरांची पाटी. ही दोन्ही घरं खासगी आहेत, रस्त्यावरूनच पाहा, दार वाजवू नका. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२पासूनचं आहे आणि त्याची वास्तू डॉलिस हिलला आहे. मुक्कामात कार्यक्रम असेल तर सासू-सासऱ्यांना नक्की न्या. महिनाभर घरच्यांखेरीज कुणाशी मराठी न बोललेल्या माणसांचे चेहरे तिथे खुलतात.

एक दिवस ब्रायटनसाठी काढा. पहिल्या महायुद्धात तिथल्या रॉयल पॅव्हिलियन या राजवाड्यात जखमी भारतीय सैनिकांचं रुग्णालय होतं. तिथे मरण पावलेल्या हिंदू आणि शीख जवानांना गावाबाहेरच्या टेकडीवर अग्नी दिला, आणि त्या जागी १९२१मध्ये संगमरवरी छत्री उभारली. गाडी छत्रीपर्यंत जात नाही. गवतातून बरीच चढण चालावी लागते. गुडघे दुखणाऱ्यांना पॅव्हिलियनमध्येच थांबवा.

१०. तिसरं घर : एडिंबरा

लेस्टर-लंडनहून रेल्वेने जा, विमानाने नको. बेरिकच्या आसपास रूळ समुद्राच्या काठाने जातात. वाटेत यॉर्कला उतरून कॅथीड्रल आणि रेल्वे संग्रहालय पाहता येतं, संग्रहालय फुकट आहे. एडिंबरा किल्ल्याला वेळ ठरवून तिकीट काढावं लागतं. दुपारी एकला तोफ उडते, रविवारी नाही. रॉयल माइल हा जुन्या शहरातला मुख्य रस्ता उताराकडे चाला : किल्ल्यापर्यंत टॅक्सीने जायचं आणि खाली होलिरूड राजवाड्याकडे यायचं.

११. पास आणि तिकिटं

सगळ्या ऐतिहासिक वास्तू एकाच संस्थेच्या नाहीत, आणि इथे लोक दोनदा पैसे भरतात. स्टोनहेंज इंग्लिश हेरिटेजचं, टॉवर ऑफ लंडन हिस्टॉरिक रॉयल पॅलेसेसचा, विंडसर रॉयल कलेक्शनचं, एडिंबरा आणि स्टर्लिंगचे किल्ले हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंडचे. जुने वाडे-बगिचे बहुतेक नॅशनल ट्रस्टचे. एकाचा पास सहसा दुसरीकडे चालत नाही. आधी ठिकाणं लिहा, मग पास घ्या.

रेल्वेत फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड घ्या. चार मोठे आणि चार मुलं एकत्र जाऊ शकतात, मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना साठ टक्के सूट. मूल बरोबर असलंच पाहिजे. फक्त ज्येष्ठ जाणार असतील तर साठीपुढचं सीनियर रेलकार्ड आहे, ते पाहुण्यांनाही मिळतं. लांबच्या गाड्यांची आगाऊ तिकिटं साधारण बारा आठवडे आधी सुटतात. ती ठरलेल्या गाडीचीच असतात, चुकली तर नवं तिकीट.

लंडनच्या मेट्रोत भाडं भरणाऱ्या प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड (टेकवून चालणारं बँकेचं किंवा ऑयस्टर हे प्रवासाचं) लागतं. आत जाताना कार्ड आणि बाहेर पडताना त्याच खात्याचा फोन लावला तर ते दोन वेगळे प्रवासी धरले जातात आणि दोन्हींवर जास्तीत जास्त भाडं बसतं. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर फुकट.

गाडी भाड्याने घ्यायची असेल तर भारतीय परवाना वर्षभर चालतो. बारा वर्षांखालच्या आणि १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला वेगळं आसन लागतं. लंडनमध्ये मात्र गाडी नको.

१२. कुणाच्या घरी राहताना

तिकडे घरात मदतनीस नसतो. नवरा-बायको दोघं कामावर, संध्याकाळी स्वयंपाक, धुणं, मुलं. पाच माणसं येऊन पडली की दुसऱ्या आठवड्यात यजमानांचा थकवा दिसू लागतो, ते बोलत मात्र नाहीत. म्हणून :

एका घरी सलग तीन आठवड्यांपेक्षा जास्त नको. मधे दोन-तीन रात्री बाहेर राहा, त्यांनाही त्यांचं घर मिळू द्या. आठवड्याचा किराणा आपण भरायचा आणि ते पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलायचं, नंतर 'अहो राहू द्या'मध्ये विषय संपतो. सोमवार ते शुक्रवार आपले आपण फिरायचं. शनिवार-रविवार त्यांच्याबरोबर, तेही एक दिवस घरी. फोडणीच्या धुराने अलार्म वाजतो, तेव्हा तळण करताना पंखा आणि खिडकी. कचऱ्याचे डबे वेगवेगळे असतात, कुठला कधी बाहेर ठेवायचा ते विचारून घ्या. सासूबाईंनी रोज सकाळची पोळी-भाजी स्वतःकडे घेतली. नणंदेला ऑफिसात डबा मिळाला आणि सासूबाईंना परक्या देशात दिवस कुठे घालवायचा हा प्रश्न पडला नाही.

ज्येष्ठांना जवळची बाग, ग्रंथालय आणि बसथांबा पहिल्या दोन दिवसांतच दाखवा. घराचा पत्ता आणि फोन लिहिलेली चिठ्ठी खिशात. ती माणसं एकटी फिरायला लागली की सगळ्या घराला मोकळं वाटतं.

१३. परत येताना

ब्रिटनमध्ये पर्यटकांना विमानतळावर करपरतावा मिळत असे, तो २०२१पासून बंद आहे. दुकानदार काहीही म्हणो, त्या हिशोबाने खरेदी करू नका. बॅगा आदल्या रात्री घरीच वजन करून घ्या. विमानाचे बोर्डिंग पास जपून ठेवा आणि पासपोर्टवरचे शिक्के, येण्या-जाण्याच्या तारखा एका वहीत लिहून ठेवा. पुढच्या अर्जात मागच्या दहा वर्षांतले परदेश प्रवास विचारतात.